बशीतले चार स्क्रू

भिंगबाईंना ऑफिसात कुणी नावाने हाक मारत नसे. गळ्यात काळ्या दोरीला भिंग अडकवलेलं, म्हणून भिंगबाई. माल घरोघर पोहोचवणाऱ्या एका कंपनीत त्या फुटक्या मालाची तपासणी करत. ग्राहकाने तक्रार केली की त्याच्या घरी जायचं, वस्तू बघायची आणि चूक कुणाची ते लिहून द्यायचं: बांधणाऱ्याची, वाहणाऱ्याची की उघडणाऱ्याची. त्याआधी चौदा वर्षं त्यांनी एका दुकानाच्या पोटमाळ्यावर बसून कॉम्प्युटर जोडले होते. कंबर गेली, स्टुलावरचं बसणं सुटलं, मग ही फिरती नोकरी धरली.

त्यांचं काम सावकाश चाले. साहेब वैतागायचे. "बाई, डबा बघून यायचाय, त्याचं लग्न नाही जमवायचं!" तरी बाई घाई करत नसत, आणि त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या हमालाच्या विरुद्ध त्यांनी घाईत सही केली होती. टीव्ही फुटला होता, खोक्याचा कोपरा चेपलेला होता, आणि त्यांना पुढच्या घरी जायची गडबड होती. आतला थर्माकोल बघायचा राहिला. महिन्याभरात त्याच कारखान्याचे आणखी सात टीव्ही तसेच फुटून आले, तेव्हा कळलं की मुळात बांधणीच कच्ची होती. तोवर हमालाची नोकरी गेली होती. आता तो एका इमारतीच्या फाटकावर बसायचा आणि बाई दिसल्या की हसून हात वर करायचा. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर बाईंना सोपं गेलं असतं.

मंगळवारी सकाळी साहेबांनी त्यांच्यापुढे कागद सरकवला.

"फुल टॉवर कॅबिनेट. कॉम्प्युटरचा मोठ्यातला मोठा सांगाडा, आत काही नाही. एका बाजूची काच फुटून आली म्हणतात. पोहोचवणारा पैलवान."

बाईंनी कागदावरचं ते नाव पुन्हा एकदा वाचलं. पैलवान म्हणजे काडीसारखा माणूस. ते नाव त्याला चिडवायलाच पडलं होतं. पण अकरा वर्षांत त्याच्या हातून एक कपही फुटला नव्हता. आणि कंपनीने नुकताच नवा नियम काढला होता: तक्रार आली की त्या क्षणापासून काम बंद, आणि चूक ठरली की कायमचं घरी. पैलवान काल दुपारपासून घरी बसला होता.

"त्यालाही तिकडेच बोलावलंय," साहेब म्हणाले. "ग्राहकाला तोंडावर विचारायचंय म्हणे. जरा सांभाळा."

चौथा मजला, लिफ्ट नाही. बाई कठड्याला धरून वर पोहोचल्या तेव्हा पैलवान दाराबाहेर भिंतीला टेकून उभा होता. डोळे लाल.

"बाई, मी फुलासारखं आणलं हो. तीस किलोचा खोका, पण एकदासुद्धा खाली टेकवला नाही."

"मला आत्ता काही सांगू नकोस. मी अजून काही पाहिलेलं नाही."

त्या असं का बोलल्या ते त्याला कळलं नसावं. त्याने मान खाली घातली.

दार उघडलं ते घरच्या कर्त्या पुरुषाने. तो छापखान्यात फोरमन होता. नखांत शाई, आणि यंत्रांच्या घरघरीत बोलून बोलून आवाज चढलेला.

"या बाई. हा बाहेरच थांबू दे."

"तुम्हीच बोलावलंत ना त्याला? मग आत येईल."

खोलीत खिडकीजवळ फोरमनची थोरली बहीण खुर्चीत बसली होती. भिंतीपाशी त्याची मुलगी उभी होती, तेवीस-चोवीस वर्षांची, स्वेटरच्या बाह्या बोटांवर ओढून घेतलेल्या. ती इमारतींचे नकाशे काढायची. एका कंपनीने तिला घरबसल्या काम द्यायचं कबूल केलं होतं, पण अवजड नकाशे पेलणारा कॉम्प्युटर तिचा तिने आणायचा होता. शुक्रवारी काम सुरू. बाकीचे भाग एकेक करून घेतलेले, पलंगाखाली खोक्यांत पडून होते. राहिला होता तो हा सांगाडा.

तो खोलीच्या मधोमध उभा होता. काळा, मांडीच्याही वर येणारा, डावी बाजू उघडी. उजव्या बाजूची काच जागच्या जागी, तिच्यावरचा प्लॅस्टिकचा पापुद्राही तसाच. शेजारी वर्तमानपत्रावर फुटलेल्या काचेचा ढीग केलेला, तुरटीच्या खड्यांसारखे बोथट दाणे.

"बघा," फोरमन म्हणाला. "पोरीला म्हटलं होतं, तू हात लावू नकोस, मी कामावरून आलो की उघडू. आमची ही म्हणजे तोडफोड, घरात सगळे हेच म्हणतात तिला. पण या खेपेला तिचा दोष नाही. खोका हलवला तर आत खळखळ वाजलं, म्हणून तिने उघडला. आणि आत हा चुरा!"

"खळखळ?" पैलवान एकदम पुढे आला. "चार मजले पाठीवर होता माझ्या. माझ्या कानाशी खळखळलं असतं आणि मला कळलं नसतं?"

"तू गप्प बस! आपटायचं आणि वर तोंड करून बोलायचं?"

फोरमनचा हात पैलवानच्या कॉलरपर्यंत गेला. पैलवान हलला नाही, पण त्याच्या मुठी वळल्या.

"हात खाली घ्या," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "नाहीतर मी जाते, आणि काही न बघताच गेले असं लिहिते."

हात खाली आला. मुलीने डोळे मिटून घेतले होते, ते बाईंनी पाहिलं.

त्यांनी आधी खोका घेतला. आठही कोपरे बोटांनी दाबले. एकही बसलेला नव्हता. मग फोमचे दोन्ही ठोकळे बॅटरीच्या उजेडात फिरवले, प्लॅस्टिकची मोठी पिशवी उलटी करून कागदावर झटकली. काही पडलं नाही. काचेचा एक कणसुद्धा नाही. मोजपट्टी काढून त्यांनी सांगाड्याच्या मोकळ्या चौकटीचे दोन कर्ण मोजले. एका मिलिमीटरचाही फरक नव्हता. सांगाडा आडवा करून पाय तपासले. मदरबोर्ड बसवायचा पत्रा सपाट, पंख्यांच्या जागा सरळ, कडा आत वळवलेल्या, कुठे बोट कापणार नाही अशा. माल चांगला होता. दुकानात असत्या तर डोळे मिटून घ्या म्हणाल्या असत्या.

"काच फुटलीये हो," फोरमन धुसफुसला. "पाय कसले मोजताय?"

"खाली आपटलं असतं तर पाय आधी वाकले असते."

मग त्यांना टेबलावरची बशी दिसली. बशीत चार स्क्रू होते, मोठ्या डोक्याचे, हाताने फिरवायचे. काच धरून ठेवणारे. प्रत्येकाला रबराची चकती. बाईंनी एकेक उचलून भिंगाखाली धरला. चकत्या कोऱ्या करकरीत. एक ओरखडा नाही, काचेची कणीही चिकटलेली नाही. काच जागेवर फुटली असती तर या रबरांत दाणे रुतून बसले असते. आणि चुरा झालेल्या काचेचे स्क्रू असे शांतपणे काढून बशीत कोण मांडून ठेवतं?

बाईंना कळलं. पण त्यांना हायसं वाटलं नाही. एका बाजूला पैलवान, दुसऱ्या बाजूला बाह्यांत बोटं लपवलेली ती पोर, आणि मधे तिचा बाप.

"हे स्क्रू कुणी काढले?"

"मी," मुलगी म्हणाली. "म्हणजे... चौकटीत तुकडे राहिले होते, ते काढायला."

"आवाज तर मीही ऐकला होता," खिडकीजवळून आत्या मदतीला धावली. "बंदुकीसारखा! आत पडले होते मी. म्हटलं, रस्त्यावर कुणाचं टायर फुटलं."

"किती वाजता, आठवतं?"

"न आठवायला काय झालं? रेडिओवरच्या बाराच्या बातम्या नुकत्याच संपल्या होत्या."

पैलवानने झटकन बाईंकडे पाहिलं. माल पोहोचल्याची सही काल सकाळी दहा वाजून दहा मिनिटांची होती. त्याने तोंड उघडलं, पण बाईंनी डोळ्यांनीच त्याला थांबवलं. फोरमनच्या अजून लक्षात आलं नव्हतं. मुलीच्या आलं होतं. तिचा चेहरा उतरला होता.

"दुसऱ्या बाजूची काच काढून दाखव मला," बाई तिला म्हणाल्या. "एरवी काढशील तशीच. घाई नाही."

मुलगी गुडघ्यावर बसली. एकेक स्क्रू सोडवून तिने बशीत ठेवला. चौथा सुटल्यावर तिने काच दोन्ही तळव्यांत धरून अलगद बाहेर काढली. किती जपून काढत होती! मग ठेवायला जागा शोधत तिने ती काच उभी धरूनच खाली न्यायला सुरुवात केली. खाली गुळगुळीत फरशी होती. दोन फरश्यांच्या सांध्यात, मुलीच्या पायाजवळच, काही तरी चमकत होतं: कुंचा फिरवूनही उरलेले चार-पाच दाणे. हातातली काचही तिथेच चालली होती, आणि तिचा कोपरा आधी टेकणार होता.

एक बोटभर अंतर राहिलं. बाईंनी काही केलं नसतं तरी चाललं असतं. काच सगळ्यांच्या देखत फुटली असती, बंदुकीसारखा आवाज झाला असता, पैलवान मोकळा झाला असता. कुणाला काही समजावून सांगायची गरज पडली नसती.

"थांब!"

खोक्यातला फोमचा ठोकळा बाईंनी पायाने काचेखाली सारला. कंबरेत कळ आली. काच फोमवर टेकली. मुलगी तशीच ओणवी राहिली.

"ऐक," बाई म्हणाल्या. बोलत तिच्याशी होत्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ही काच तापवून कडक केलेली असते. मधोमध बुक्की मारली तरी सहसा फुटत नाही. पण कडेला हिचा जीव असतो. फरशी काचेपेक्षा कडक. तिचा एक टोकदार कण कडेला लागला की संपलं. जोर लावावा लागत नाही, अगदी हळू ठेवली तरी. दुकानात असताना माझ्या स्वतःच्या हातून दोन गेल्यात. दुसऱ्या वेळी तर मी श्वास रोखून ठेवली होती."

"काहीतरीच!" फोरमन म्हणाला. "हळू ठेवलेली काच फुटते होय?"

"फुटते, बाबा."

मुलगी उठली नाही. फोमवरच्या काचेकडे बघतच बोलली.

"मी अगदी हळू ठेवली होती. खरंच. आपटली नाही, सटकली नाही. नुसती टेकवली, आणि एकदम... हातात काही उरलंच नाही. तुम्ही आल्यावर खोका उघडू म्हणाला होतात, मला दम निघाला नाही. म्हटलं, हळू ठेवली होती हे सांगून कुणाला पटणार? माझं मलाच पटत नव्हतं." तिला हुंदका आला. "म्हणून म्हटलं, फुटकीच आली."

बाई वाट बघत होत्या की आता हा फुटणार. पण तो खुर्ची शोधून खाली बसला, आणि बराच वेळ हातांची शाई खरवडत राहिला.

मुलगी उठून पैलवानसमोर गेली. "दादा, मी खोटं बोलले. तुमची नोकरी जाईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"ताई," पैलवान म्हणाला, "काल घरी गेल्यावर बायकोने विचारलं, खरं सांगा, पाडलं का. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिने मला असं विचारलं." त्याने कॉलर सारखी केली. "तुम्ही आता बोललात, ठीक आहे. पण ते विचारलेलं काही परत जात नाही."

टेबलाशी बसून त्यांनी अहवाल लिहिला. फोरमन मागे येऊन उभा राहिला. आवाज पार उतरलेला.

"हिचं नाव घालणार?"

"नावं घालायची नसतात. कुठे, केव्हा, कशाने, एवढंच." आणि त्यांनी वाचून दाखवलं: माल सुस्थितीत पोहोचला, काच नंतर, घरात उघडताना, कड फरशीला लागून फुटली, वाहणाऱ्याचा दोष नाही.

फोरमनने ते परत एकदा वाचायला लावलं आणि सही केली. मग तो पैलवानकडे वळला. पंचावन्न वर्षांच्या माणसाला माफी मागताना हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. शेवटी त्याने पाणी आणून दिलं. पैलवानने ते उभ्यानेच प्यायलं आणि जिना उतरून गेला.

बुधवारी पैलवान कामावर हजर झाला. त्या इमारतीचा माल मात्र त्याने पुढे कधी घेतला नाही. दुसऱ्याशी बदली करायचा. कुणी कारण विचारलं की म्हणे, जिना फार आहे. हे ऐकून सगळे हसत, कारण त्याहून उंच घरी तो रोज जायचा.

नवी काच सुटी मागवावी लागली. ती यायला तीन आठवडे होते आणि शुक्रवार दोन दिवसांवर. एवढ्या मोठ्या सांगाड्याची एक बाजू उघडी ठेवली तर धूळ जाते, हवा नीट खेळत नाही. बुधवारी फोरमन छापखान्यातून छपाईची एक जुनी ॲल्युमिनियमची प्लेट घेऊन आला. दुसऱ्या बाजूच्या काचेवरून माप घेतलं, कात्रीने कापली, कडा घासून गुळगुळीत केल्या, आणि चार भोकं पाडताना मुलीला म्हणाला, "धर इकडून. घट्ट." तिने धरली. रात्रीच्या जेवणाआधी सगळे भाग आत बसले आणि कॉम्प्युटर पहिल्या दमात सुरू झाला.

शुक्रवारी तिने काम सुरू केलं. प्लेटवर कुठल्याशा बसगाड्यांचं जुनं वेळापत्रक उमटलेलं होतं. काच आल्यावर प्लेट काढायची असं ठरलं होतं खरं. पण काच आली, कपाटावर गुंडाळलेली पडून राहिली. आत्या अधूनमधून आठवण करायची. मुलगी म्हणायची, "बसवू गं, या रविवारी."