फाटकावरचं साल

मोटारींच्या कारखान्यातले पेंटरकाका तीस वर्षं फाटकावरचा फलक रंगवत आले. 'आमचा कारखाना धूरमुक्त होणार' ही ओळ ते पक्क्या ऑइलपेंटने काढत. खालचं साल मात्र घासून पुसता येईल अशा कच्च्या रंगात, कारण ते दर तीन-चार वर्षांनी पुढे सरकायचं.

"अहो, तुमच्या गुडघ्यांपेक्षा ते सालच जास्त चालतं," बायको म्हणायची. काका हसत, आणि हसता हसता खोकत. चिमणीचा धूर घरापर्यंत यायचा.

निवृत्तीआधी एकदा तरी साल पक्क्या रंगात काढायचं, एवढीच त्यांची हौस होती. शेवटच्या दिवशी त्यांनी ऑइलपेंटचा कोरा डबा फोडला, शिडीवर चढले आणि वरूनच विचारलं, "साहेब, कोणतं साल लिहू?"

साहेबांनी उगाच चष्मा पुसला. "काका, या वेळी साल नकोच. नुसतं 'लवकरच' लिहा."

"पक्क्या रंगात?"

"बिनधास्त! हे काही बदलावं लागणार नाही."

काकांनी वळणदार अक्षरांत 'लवकरच' लिहिलं. हौस फिटली होती. मग ते खोकत खोकत, एकेक पायरी धरून शिडी उतरले.