गुळगुळीत टायर

नव्या रबराचा वास आला की कोल्हापुरातलं ते टायरचं दुकान आठवतं. पंच्याहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मी गुरांचा डॉक्टर होतो, मोटारसायकलवरून गावोगाव फिरायचो. दुकानातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी खोल खाचांचे टायर पुढं केले. म्हणाले, “डॉक्टर, तुमचं निम्मं काम वाडीवस्तीवर हाय. हेच घ्या.” पण तसल्या टायरांवर गाडी डांबरी रस्त्यावर घुरघुरायची, हादरायची, आणि दिसायचीही ओबडधोबड. मी गुळगुळीत टायर निवडले. पुढं श्रावणात पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका वस्तीवरून निरोप आला, म्हैस अडली होती. उसाच्या कडेच्या लाल चिखलात मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं, गाडी दोनदा आडवी झाली. शेवटी ती तिथंच टाकून बॅग घेऊन मी चालत निघालो. पोचलो तेव्हा म्हैस गेली होती, पोटातलं रेडकूही. तिच्या मानेवर हात ठेवून बसलेली बाई माझ्या चिखलानं भरलेल्या कपड्यांकडं बघत म्हणाली, “एवढ्या चिखलातनं आलासा. तुम्ही तरी काय करणार?” मी नुसती मान हलवली. नोकरी संपून कैक वर्षं झाली, पण तेव्हा तिला खरं सांगितलं नाही, याची लाज अजून वाटते.