समोरची खुर्ची

पठाण मॅडम वर्गात आल्या की आधी एक रिकामी खुर्ची ओढून फळ्यासमोर ठेवायच्या, आमच्याकडे तोंड करून. ज्याच्याविरुद्ध आपण लिहिलंय तो माणूस त्या खुर्चीत बसलाय असं समजायचं आणि लेख त्याला वाचून दाखवायचा. वाचताना आवाज चढला की मॅडमचा हात वर जायचा. "थांबा. साहेब उठून गेले. आता कोणाला सांगताय?"

एम. ए.ला त्या आम्हाला प्रगत लेखन आणि वक्तृत्वशास्त्र शिकवायच्या. वर्ग संध्याकाळचा, कारण आम्ही बहुतेक जण नोकरीवाले. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होते. पहिली शिफ्ट संपली की आमच्या गावाहून, निघोज्याहून, बस पकडून मोशीला वर्गात यायचे. वडिलांना हे काही पटायचं नाही. "मराठी येतंय की तुला. मग त्यात आनि काय शिकतीस?" मी हे मॅडमना सांगितलं तेव्हा त्या खळखळून हसल्या. "त्यांना म्हणावं, मिरवणुकीत चालता सगळ्यांनाच येतं. पुढे कोणाला ठेवायचं हे ठरवावं लागतं. शब्दांचंही तसंच."

त्यांच्या वडिलांचं भोसरीला गॅरेज होतं आणि मॅडमचं बरंचसं शास्त्र तिथलंच होतं. "ओरडणारं गिऱ्हाईक आणि तक्रार सांगणारं गिऱ्हाईक यांतला फरक मी अब्बांकडे बघून शिकले," त्या म्हणायच्या. "ओरडणाऱ्याची गाडी सगळ्यात शेवटी हातात घेतली जायची."

माझा पहिला लेख निव्वळ ओरडा होता. कंपनीची बस दुसऱ्या शिफ्टच्या बायकांना गावात न सोडता हायवेच्या फाट्यावर उतरवायची. तिथून गावापर्यंत अंधार, कुत्री आणि दारू पिऊन बसलेली टोळकी. मी कंपनीच्या साहेबांना त्या लेखात उभंआडवं सोललं होतं. मॅडमनी तो ऐकला आणि म्हणाल्या, "आता तुम्ही बसा खुर्चीत." माझाच लेख त्यांनी मला वाचून दाखवला. "बोला साहेब, तुमचं काय म्हणणं आहे?"

"गावातला रस्ता अरुंद आहे, बस वळत नाही," मी पटकन बोलून गेले आणि माझी मलाच लाज वाटली.

"वाटू द्या," मॅडम म्हणाल्या. "त्या खुर्चीचा गुणच आहे तो. बसलं की कारणं सुचतात. ती आधी आपल्याला सुचली पाहिजेत."

मग मी गावात रस्ता बघत फिरले. शाळेची बस त्याच रस्त्यानं आत येत होती आणि मारुतीच्या देवळापाशी आरामात वळत होती. ते मी नव्या लेखात घातलं, शिव्या काढून टाकल्या आणि लेख खऱ्या साहेबांना वाचून दाखवला. त्यांनी रस्त्याचंच कारण काढलं आणि माझं उत्तर तयार होतं. बस गावात यायला लागली.

अशा मॅडमचा विषय संस्थेनं बंद केला! अध्यक्षांचं म्हणणं, या औद्योगिक पट्ट्यात त्याचा उपयोग काय? त्याऐवजी मुलाखतीचं तंत्र शिकवायचं. म्हणजे कंपनीनं विचारलं की आम्ही गोड उत्तर द्यायचं. कंपनीला आम्ही काही विचारायचं नाही. माझ्या अंगाचा अजून तिळपापड होतो. मॅडम तासिका तत्त्वावर होत्या, त्यामुळे विषय गेला की नोकरीही गेली. आणि वर ही माणसं त्यांचा सत्कार करायला निघाली. नारळ देणं म्हणतात ते इतकं शब्दशः, शालीसकट, मी कुठे पाहिलं नव्हतं.

"मॅडम आमच्या संस्थेचं भूषण आहेत," सत्काराच्या भाषणात अध्यक्ष म्हणाले. मग काढून का ठेवताय, हे माझ्या ओठांवर आलं होतं. विद्यार्थ्यांचं मनोगत माझ्याकडे होतं. विषय बंद करू नका, हे मी त्यात मांडलं होतं आणि वर्गातल्या खुर्चीसमोर त्याचा सराव केला होता. माझं नाव पुकारलं आणि अध्यक्ष उठले. पिंपळे सौदागरला त्यांचा दुसरा कार्यक्रम होता म्हणे. पांढरा टॉवेल टाकलेली त्यांची खुर्ची रिकामी झाली.

मी माइकपाशी उभी. मला वाटलं, मॅडम नेहमीसारखं म्हणतील, खुर्ची आहे ना, वाचा. पण त्या शाल खांद्यावर तशीच ठेवून उठल्या. "सराव पुष्कळ झाला. माणूस अजून जिन्यात आहे. चला."

सगळा वर्ग पार्किंगमध्ये उतरला. अध्यक्षांचा हात गाडीच्या दारावर होता. "साहेब, उपयोग काय, असं तुम्ही विचारलंत," मी सुरुवात केली. आवाज चढला, तसा शेजारी मॅडमचा हात हळूच वर झाला. मी आवाज खाली आणला. "आमच्या गावच्या बायका आता अंधारात फाट्यावरून चालत येत नाहीत. ते कंपनीकडून करून घ्यायला मी या वर्गात शिकले. तुमच्या नव्या वर्गात मला हे कोण शिकवणार होतं?"

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मला याची काही कल्पना नव्हती," ते म्हणाले. "बघू." गाडी निघून गेली. विषय काही परत सुरू झाला नाही.

त्या दिवशी मी तिथेच संतापानं रडले. "काय उपयोग झाला, मॅडम?"

मॅडम शालीची घडी घालत होत्या. "कल्पना नव्हती, हे त्यांचं शेवटचं कारण होतं. आज तेही संपलं. पुढच्या वेळी तिथून सुरुवात करा."

पुढच्या महिन्यात आम्ही पुन्हा अध्यक्षांकडे जाणार आहोत. सराव मॅडमच्या घरी, त्यांच्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीसमोर चालू आहे. मनोगताचं पहिलं वाक्य ठरलंय: "साहेब, आता तुम्हाला कल्पना आहे."