जळक्या कॅथोडचा करंट

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. आमच्या कर्वेनगरच्या घरात मांजर आडवं गेलं तर कुणी थांबत नाही, फार तर मांजरावर ओरडतात. या ग्रुपवरचे भुताखेताचे अनुभव मी वाचायचे ते जेवताना, टाइमपास म्हणून. आता स्वतःच लिहायला बसलेय... आणि लाज वाटतेय. कशाची, ते पुढे कळेलच.

मी इंजिनिअर आहे. खराडीत आयटी पार्कच्या मागे एका शेडमध्ये आमची छोटी कंपनी आहे. उपग्रहांच्या विजेवर चालणाऱ्या इंजिनांसाठी आम्ही कॅथोड बनवतो. सोप्या भाषेत सांगायचं तर ते इंजिन मागे धनभारित कण फेकतं आणि यान पुढे सरकतं. पण तेवढेच इलेक्ट्रॉनही बाहेर सोडावे लागतात, नाहीतर यानावर उलटा भार साठतो आणि फेकलेले कण परत यानाकडेच वळतात. इलेक्ट्रॉन सोडायचं हे काम कॅथोडचं. आमचा कॅथोड तापवावा लागत नाही. नखाएवढ्या चकतीवर डोळ्यांना न दिसणारी असंख्य टोकं असतात, व्होल्टेज दिलं की त्यांतून इलेक्ट्रॉन सुटतात.

नवा कॅथोड मात्र एकदम पूर्ण व्होल्टेजवर न्यायचा नसतो. व्हॅक्यूम चेंबरमध्ये ठेवून थोडं व्होल्टेज वाढवायचं, करंट स्थिर होईपर्यंत थांबायचं, वहीत लिहायचं, मग पुढची पायरी. आमचे टेक्निशियन तानाजीमामा याला 'मुरवणं' म्हणायचे. मामा लोणी काळभोरहून मोटारसायकलवर यायचे. वय पन्नाशीच्या पुढे, शिक्षण आयटीआय. मी घाई केली की म्हणायचे, "मॅडम, लोणचं हाय हे. काल घातलं अन् आज वाढलं, असं न्हाय व्हत." प्रत्येक पायरीला वीस मिनिटं! मी जाम वैतागायचे. पण त्यांच्या हातचा एकही कॅथोड कधी जळला नाही.

त्या दिवशी चार वाजता कस्टमर येणार होते. मामा बारा वाजल्यापासून कॅथोड मुरवत बसले होते. दोनला जेवायला गेले, जाताना बजावलं, "हात लावू नका बरं का, अजून निम्म्यावरच हाय." तेवढ्यात कंपनीच्या मालकांचा, आमच्या सरांचा फोन — "रेडी ना?" मी म्हटलं, "हो सर, ऑलमोस्ट." आणि नॉब फिरवला. निम्म्यावरून थेट पूर्ण. चेंबरच्या काचेतून निळी ठिणगी दिसली आणि करंटचं मीटर शून्यावर आलं. खेळ खलास.

मी वहीतलं त्या दिवसाचं पान फाडलं आणि पर्समध्ये कोंबलं. सरांनी विचारलं, "हे कसं झालं?" मी म्हटलं, "मामांनी बहुतेक ग्लोव्हज न घालता हात लावला असावा. बोटांचं तेल लागलं असेल." बहुतेक म्हणे! जो माणूस ग्लोव्हज घालायच्या आधी साबणाने कोपरापर्यंत हात धुवायचा, त्याच्याबद्दल मी हे बोलले. सरांनी वही बघितली, तर त्या दिवसाची नोंदच नाही. मामा दारातच उभे होते. माझ्याकडे एकदा बघितलं. महिनाअखेरीस त्यांना कामावरून काढलं.

ते गेल्यावर साधारण पंधरा दिवसांनी, भरदुपारी, मी चेंबरच्या व्हॅक्यूम पंपाची तपासणी करत होते. नवा कॅथोड वाया नको म्हणून चेंबरमध्ये तो जळकाच ठेवला होता. हाय व्होल्टेजचा पॉवर सप्लाय दुरुस्तीला गेला होता. म्हणजे व्होल्टेज द्यायला शेडमध्ये काही नव्हतंच. मीटर तेवढं चालू होतं, शून्य दाखवत. आणि ते चारवर गेलं. चार मायक्रोअँपिअर.

लीकेज असेल म्हणून मी वायरी काढून परत लावल्या, अर्थिंग बदललं, शेवटी दुसरं मीटर आणून जोडलं. तेही चारच. वीस मिनिटं चार. मग नऊ. पुन्हा वीस मिनिटं. मग सतरा... सव्वीस. अडतीस. अडतीसवर आकडा थांबला, तो पुढे हललाच नाही.

मी पर्समधून ते पान काढलं. मामांच्या वाटोळ्या अक्षरात एकाखाली एक लिहिलेलं — चार, नऊ, सतरा, सव्वीस, अडतीस. ते आकडे मामांशिवाय फक्त मला माहीत होते.

तेवढ्यात सर मागे येऊन उभे राहिले. "अगं, हा मामांचा जळका कॅथोड ना? करंट कसा देतोय?" पान माझ्या मुठीत होतं. नुसती मूठ उघडायची होती हो! मी म्हटलं, "लीकेज आहे सर," आणि मीटर बंद केलं. नंतर पुन्हा चालू केलं तर शून्य. तेव्हापासून शून्यच आहे. मायक्रोस्कोपखाली बघितलं, टोकं जळलेलीच.

रविवारी लोणीला गेले. मामा अंगणात पंपाची मोटर उघडून तार गुंडाळत बसले होते, आता तेच काम करतात. मामींनी चहा दिला. मी एका दमात सगळं सांगितलं, नॉब, पान, खोटं, मीटर. मीटरचं ऐकून मामा एवढंच म्हणाले, "अडतीसलाच ऱ्हायला का? मी बी तितंच सोडला व्हता."

मग म्हणाले, "बाकीचं ठावं हाय मला. म्या त्याच सांच्याला सायबास्नी सांगितलं व्हतं, माझ्या माघारी नॉब फिरलाय म्हणून. ते म्हनले, एवढी शिकलेली पोरगी खोटं कशाला बोलंल?"

मला रडू आवरेना. माझं रडणं थांबल्यावर मामांनी विचारलं, "सायबास्नी सांगितलंत का, मॅडम?"

"अजून नाही."

"मग हितं कशापायी आला?" असं म्हणून त्यांनी तार पुन्हा हातात घेतली.

याला चार महिने झाले. त्या मीटरचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. सरांच्या केबिनच्या दारापर्यंत दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा दुसरंच काहीतरी विचारून परत फिरले. आणि हे जे तुम्ही वाचताय, तेही मी खोट्या नावानेच लिहिलंय.