स्वीडनवालीची शेवटची शर्यत: कनाटा ते ट्रॉम्ब्लाँ

खोलीचं बुकिंग वसुधाने जूनमध्येच करून ठेवलं होतं. डिसेंबरच्या पहिल्या वीकेंडला ट्रॉम्ब्लाँच्या डोंगरावर बायकांची स्कीइंगची आंतरराष्ट्रीय शर्यत होती आणि त्यानंतर ‘स्वीडनवाली’ निवृत्त होणार होती. सप्टेंबरमध्ये वसुधाच गेली. मी बुकिंग रद्द करणार होतो, तेवढ्यात हॅमिल्टनहून रेवतीचा, आमच्या मुलीचा, मेसेज आला. आईचा प्लॅन आहे, तर जाऊ. पण नंतर काही महिने मी कनाटाला घरी येणार नाही, असंही त्यात होतं.

कारण मला माहीत होतं. ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी केमोचा आणखी एक राउंड सुचवला होता आणि आम्ही तो घेतला नाही. रेवतीच्या मते मी तो घेऊ दिला नाही. खरं म्हणजे निर्णय वसुधाचा होता. तो माझाच होता असं रेवतीला सांगायचं, हे वसुधाने माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं.

या ब्लॉगवर रस्त्यांबद्दल मी लिहायचो आणि जेवणाबद्दल वसुधा. यावेळी दोन्ही माझ्याकडे आहे, सांभाळून घ्या.

स्वीडनवालीबद्दल थोडं सांगतो. नागपूरहून आलो त्या पहिल्या हिवाळ्यात आम्ही भाड्याच्या बेसमेंटमध्ये होतो. खिडकीपर्यंत बर्फ, वसुधाला नोकरी नाही, रेवती सात वर्षांची. टीव्हीवर एकोणीस वर्षांची एक मुलगी उतारावर पडली, उठली आणि हसली. वसुधाला ती आवडली. नाव उच्चारता येईना म्हणून ती ‘स्वीडनवाली’. पहिल्या मोसमात ती निम्म्या शर्यतींत पडली. मग काही वर्षं चांगली गेली. ती पहिल्यांदा जिंकली तेव्हा घरी शिरा झाला. मग एका गुडघ्याचं ऑपरेशन, अख्खा मोसम घरी, परत येते तोवर दुसरा गुडघा. ऑलिंपिकमध्ये चौथी. त्यानंतर ती जिंकली नाही, पण दर हिवाळ्यात उतरत राहिली. जिने आयुष्यात स्की पायात घातल्या नाहीत, ती वसुधा मला सांगायची की हिचं वजन डाव्या पायावर उशिरा येतं.

रेवती शुक्रवारी रात्री तिच्या गाडीने आली, शनिवारी सकाळी माझ्या गाडीने निघालो. नदी ओलांडून हायवे ५० ने मॉन्टेबेलोपर्यंत आणि तिथून ३२३ ने उत्तरेला. एरवी अडीच तास, आम्हाला बर्फामुळे साडेतीन लागले. क्युबेकमध्ये हिवाळ्यात विंटर टायर्स कायद्याने सक्तीचे आहेत. ३२३ वळणांचा, दोनच लेनचा रस्ता आहे आणि मध्ये मध्ये फोनला रेंज नसते, म्हणून नकाशा आधी डाउनलोड करून ठेवा. मॉन्टेबेलोला वाटाण्याचं सूप चांगलं मिळालं. मी घरून पोळी-भाजी आणली होती. रेवती “आय ॲम गुड, बाबा” म्हणाली आणि हेडफोन लावून बसली. भाजी मी केली होती, त्यामुळे तिचा फार दोष नाही.

रविवारी शर्यत. पार्किंगपासून गावापर्यंत उघड्या डब्यांचा पाळणा, म्हणजे रोपवे आहे, तो फुकट आहे. खाली फिनिशपाशी उभं राहायलाही तिकीट लागलं नाही. तापमान उणे सोळा. दोन जोड मोजे आणि हँड वॉर्मर घ्याच. रेवतीच्या हातात स्वीडनचा छोटा झेंडा होता. शेजारच्या म्हाताऱ्या क्युबेकी गृहस्थांनी विचारलं, तुम्ही स्वीडिश का? रेवती म्हणाली, नाही, नागपूर. ते म्हणाले, ते स्वीडनच्या उत्तरेला आहे का? सकाळपासून तेव्हाच काय ती हसली.

या शर्यतीत दोन फेऱ्या असतात आणि पहिलीतल्या वरच्या तीस जणीच दुसरीत उतरतात, मागच्या नंबरची आधी. स्वीडनवाली एकोणतिसावी आली. म्हणजे जेमतेम. दुसऱ्या फेरीत ती छान सुटली. मोठ्या पडद्यावर दिसत होतं. अर्ध्या उतारावर मात्र ती एकदम बाजूला झाली आणि थांबली.

मला वाटलं, गुडघा गेला. मी मान खाली घातली. आजूबाजूचे लोक घंटा वाजवत होते, टाळ्या पिटत होते, आणि मला त्यांचा फार राग आला. त्या गृहस्थांनी माझ्या दंडाला हात लावला आणि त्यांच्या फ्रेंच वळणाच्या इंग्रजीत समजावलं की तिला काही झालेलं नाही. शेवटच्या शर्यतीत असं थांबण्याची रीत आहे. तो बाजूला उभा असलेला माणूस तिचा पहिला कोच. वर पाहिलं तर ती त्याच्या गळ्यात पडली होती. मग ती दोन्ही हात पसरून, ज्यांमधून जायचं असतं ती झेंड्यांची दारं सोडून, सरळ खाली आली.

बोर्डवर तिच्या नावापुढे डी-एन-एफ लागलं. म्हणजे शर्यत पूर्ण नाही.

“आई याला राहिलं म्हणायची,” रेवती म्हणाली. “‘हिचं राहिलं.’ मला वाटायचं, राहिलं म्हणजे शी स्टेड. ती पडली तरी राहिली. मोठी होईपर्यंत मला कळलंच नाही.”

मी हातमोज्यावरचा बर्फ झटकला.

“आईपण राहिली असती. आणखी थोडे दिवस. तिला कोणी विचारलंच नाही.”

“विचारलं होतं,” मी म्हणालो. “नको तीच म्हणाली. मी घे म्हणत होतो. तुला सांगू नका म्हणाली.”

 रेवती झेंडा माझ्या हातात देऊन वॉशरूमला गेली. पाऊण तासाने आली तेव्हा उरलेल्या बायका उतरून झाल्या होत्या. कोण जिंकलं ते मला सांगता येणार नाही.

परतताना ३२३ वर बऱ्याच वेळाने तिने विचारलं, मला का नाही सांगितलं? मी म्हणालो, “तुझा राग तिला सोसला नसता. बाबावर रागावली तर चालेल, म्हणाली.”

“आणि तू हो म्हणालास.”

“हो.”

“यू बोथ आर इम्पॉसिबल,” ती म्हणाली आणि पुन्हा हेडफोन लावले. सोमवारी पहाटे ती तिची गाडी घेऊन हॅमिल्टनला गेली.

आता दोन आठवडे झाले. ज्यांना जायचं असेल त्यांनी जरूर जावं, डोंगर सुंदर आहे. खोली लवकर बुक करा. माझ्यापुरतं सांगायचं तर वसुधाला दिलेला शब्द मी मोडला. तिला ज्याची भीती होती तेच झालं आहे. रेवती आता आईवर चिडली आहे, आणि ते सांगायला मला रोज फोन करते. काल ती म्हणाली, आई सेल्फिश होती. मी आवाज चढवून वसुधाची बाजू घेतली. ती गेल्यापासून तिच्याबद्दल इतका वेळ मी कोणाशी बोललो नव्हतो.

सुट्टीत येणार का, हे मी तिला विचारलेलं नाही. ड्राइव्हवेवरचा बर्फ मात्र रोज दोन गाड्यांएवढा शोव्हल करतो.