नानांचे उपप्रमुख

"पहिले जेव, मंग काम सांगस."

निवडणूक लागली की शिरपूरच्या आमच्या गल्लीत, शेजारच्या नानांच्या ओट्यावरून हे वाक्य दिवसभर कानावर यायचं. आमच्या उमेदवाराला सगळे भाऊ म्हणत. नाना भाऊंचे प्रचारप्रमुख, आणि गावोगावचे उपप्रमुख नेमायचं काम त्यांचं. रीत ठरलेली. माणसाला घरी बोलवायचं, स्वतः भाजून केलेलं वांग्याचं भरीत वाढायचं, हात धुऊन झाले की पाठीवर थाप मारायची. झाला उपप्रमुख! ना कागद, ना हार. निवडणुकीत नानांकडे जेवला तो नानांनी नेमलेला, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक.

भाकऱ्या मात्र माझ्या. भाऊ निवडून येतात ते माझ्या भाकऱ्यांवर, असं मी नानांना चिडवायची. ते गंभीरपणे मान हलवून कबूल करायचे.

नानी जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. एरवी त्या घरात आवाज म्हणजे रेडिओचा. तुमच्याही शेजारी असं एखादं घर असेल, तर मी काय म्हणते ते कळेल. निवडणूक आली की मात्र दाराबाहेर चपलांचा ढीग. नानांना कुणाला नाही म्हणवायचंच नाही. येईल तो जेवायचा, आणि जेवला की उपप्रमुख व्हायचा. एका गावात तर इतके उपप्रमुख झाले की सभेला सगळे मंचावर चढले, आणि समोर ऐकायला बाया-पोरं तेवढी उरली. भाऊ तेव्हा पोट धरून हसले होते.

पुढच्या खेपेला नाही हसले. त्यांनी दुसराच तरणा प्रचारप्रमुख नेमला आणि नानांना निरोप धाडला, की तुम्ही आता आमचे मार्गदर्शक. मार्गदर्शकाकडे कोण कशाला फिरकतंय! नाना रोज धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून ओट्यावर बसत. भोंग्याची जीप समोरून सरळ निघून जाई. मी काहीतरी निमित्त काढून जाऊन बसायची, पण मी काय, शेजारीण. मला कुठे नेमणार ते?

एका दुपारी त्यांच्या दाराशी जीप थांबली. झेंडा विरोधी उमेदवाराचा. नाना नाराज आहेत हे ऐकून त्यांना फोडायला आली होती ती माणसं. मी अडवायला जाणार, तेवढ्यात नानाच लगबगीनं भाकऱ्या मागायला आले आणि माझं बोलणं न ऐकता टोपली घेऊन गेले. माणसं पोटभर जेवली, नानांचे जुने किस्से ऐकून हसली, आणि निघताना आमच्याकडे या म्हणाली. नानांनी हात जोडले. मी भाऊंचाच, म्हणाले. पण ते ऐकायला आमच्या बाजूचं, माझ्याशिवाय, तिथे होतं कोण? संध्याकाळपर्यंत तालुकाभर एवढंच पोचलं, की नानांनी त्यांना जेवू घातलं. त्याचा अर्थ कुणाला सांगावा लागला नाही.

भाऊ निवडून आले. मिरवणूक गल्लीत आली तेव्हा नाना हार घेऊन रस्त्यात उभे. भाऊंनी मला नमस्कार केला, समोरच्या दुकानदाराला केला. नानांच्या अंगाला घासून गाडी पुढे गेली.

मला संताप आला. भाऊंचा आला, आणि त्याहून जास्त नानांचा. झेंडा दिसत होता ना एवढा मोठा, मग कशाला वाढलंत त्यांना, म्हणून मी भर रस्त्यात त्यांच्यावर ओरडले.

नाना हाराकडेच बघत होते.

"अक्का, दारशी गाडी थांबनी," ते म्हणाले. "झेंडा कोना शे, हाई मी दखंच नही."