मोकळे सोडलेले गोळे

प्रताप हा मुळात घाबरट माणूस, पण स्वतःला तो व्यवस्थित म्हणवून घेई. नागपुरात ज्या प्रवेश परीक्षेने त्याला इंजिनिअर केलं, तिच्यात चुकीच्या उत्तराला मार्क कापले जात. 'येत नसेल तर सोडून दे' हा मंत्र त्याने तेव्हा घोटून घोटून पाठ केला आणि पुढे सामानासोबत अमेरिकेत ट्रॉय गावीही नेला. तिथे गाड्यांच्या कंपनीत त्याचं बस्तान छान बसलं.

थोरली सिया सात वर्षांची असताना शाळेने हुशार मुलं निवडायची चाचणी घेतली. निवडलेल्यांचा वर्ग वेगळा. मराठी मंडळात त्या महिन्यात आईबापांना दुसरा विषय नव्हता. आदल्या दिवशी प्रतापने लेकीला समोर बसवून बजावलं, "पक्कं येत असेल तरच उत्तरापुढचा गोळा पेन्सिलीने भरायचा. डाउट असला की सोडून द्यायचं. कळलं?"

"ओके बाबा," सिया म्हणाली. पोर आज्ञाधारक होती, हेच नडलं.

निकाल आला, एकशे अठ्ठावीस. वर्गासाठी एकशे तीस लागत. बायको नीलांबरी हिरमुसली, तेव्हा प्रतापने तिला समजावलं की सगळीच मुलं काही तशी नसतात. सिया तिथेच बसून दूध पीत होती, याचं त्याला भान राहिलं नाही.

तीन वर्षांनी धाकट्या कुशची पाळी आली. पालकांच्या मीटिंगमध्ये बाई म्हणाल्या, इथे चुकीला मार्क कापत नाहीत. मुलांना सांगा, अंदाजाने भरा, पण एकही गोळा मोकळा ठेवू नका. प्रतापने सियाला नेमकं उलटं सांगितलं होतं. घरी येऊन त्याने कुशला ते जसंच्या तसं सांगितलं आणि कुश त्या वर्गात गेला. सियाची चाचणी पुन्हा घ्या म्हणून शाळेला विचारता आलं असतं. पण मग आपली चूक लेकीला सांगावी लागली असती. कशाला जुनं उकरायचं, म्हणत साहेब सात वर्षं गप्प बसले.

परवा रविवारी सतरा वर्षांची सिया जेवणाच्या टेबलावर कॉलेजचा फॉर्म भरत होती. काय शिकायचंय, हा रकाना तेवढा कोरा होता. प्रतापने कारण विचारलं.

"फिजिक्स आवडतं. पण आय ॲम नॉट द स्मार्ट वन, बाबा. तो कुश आहे."

इतक्या सहज म्हणाली की त्याला ते सहन होईना. खुर्ची ओढून तो समोर बसला आणि नागपूरच्या परीक्षेपासून बाईंच्या मीटिंगपर्यंत सगळं सांगून मोकळा झाला. ती चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"मला आठवतं," ती हळू म्हणाली. "खूप क्वेश्चन्स येत होते मला. ऑलमोस्ट. पण तू पक्कं म्हणाला होतास."

"चुकलो गं मी. तेव्हाही, आणि नंतर गप्प बसलो तेव्हाही."

तिने मान हलवली. मग स्क्रीनवरच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलं, "इथे चुकलं तर?"

"काही होत नाही. नंतर बदलता येतं."

सियाने फिजिक्स टाइप केलं. क्षणभर बघत राहिली आणि पुसून टाकलं.

"अजून पक्कं नाहीये," ती म्हणाली.